मधुमेही शेतकऱ्यांनो, रोज पाय उलटून पाहा!

डाळिंबाची छाटणी सुरू झाली की बागेत मोकळा पाय ठेवायची सोय राहत नाही. छाटलेल्या फांद्या कितीही गोळा करून बांधाला टाकल्या तरी काटे मातीत राहतातच. उसाचे रान असेल तर तोडणीनंतरचे बुडखे टोकदार उभे असतात. आणि बाभळीच्या काट्याबद्दल सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला मी वेगळे काय सांगावे! काटा मोडला, सुईने उकरून काढला, वर गूळ-चुना लावला, की काम पुढे चालू. पण हाच काटा मधुमेह असलेल्या माणसाच्या पायात गेला, तर कधी कधी अख्ख्या पायावर बेतते.

शेतीच्या पानावर दवाखान्याचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण कामानिमित्त गावोगाव हिंडताना पायाला फडके गुंडाळून ओट्यावर बसलेली माणसे अलीकडे जास्तच दिसू लागली आहेत. ‘काय झालं?’ म्हणून विचारले की उत्तर ठरलेले, "शुगरचा पाय झालाय, साहेब." जणू ते नशिबातच होते. वास्तविक तसे मुळीच नाही.

मधुमेह हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार, हा समज आता सोडून द्यावा लागेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे. शहरात शंभर प्रौढांमागे सोळा, तर खेड्यात शंभरामागे जवळपास नऊ. म्हणजे हजार मोठ्या माणसांच्या गावात नव्वदच्या आसपास. दुसरा समज असा, की साखर जाड माणसालाच होते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला आहे. आपल्याकडची बाळे जन्मतः वजनाने कमी, पण अंगात चरबी त्या मानाने जास्त, असे त्यात दिसले. हाडकुळ्या दिसणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला चाळिशीत साखर का निघते, याचे थोडे उत्तर इथे सापडते. तेव्हा ‘मी तर काटकुळा, मला कशाची आलीय शुगर’ असे म्हणू नये.

आता पायाचे सांगतो.

सांगोला तालुक्यातले एक डाळिंब बागायतदार. वय अठ्ठावन्न. गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही तात्याच म्हणतो. साखर आठ वर्षांपासून. गोळ्या चालू, पण ‘बरं वाटलं की बंद’ अशा बेताने. आंबे बहाराच्या छाटणीत एक काटा चपलेचा तळवा फोडून वर आला आणि डाव्या अंगठ्याखाली घुसला. तात्या त्याच चपलेवर तीन दिवस हिंडले. त्यांना काहीसुद्धा कळले नाही. चौथ्या दिवशी काकूंना अंथरुणावर डाग दिसला आणि वास आला, तेव्हा पाय उलटून पाहिला. मग गूळ-चुना, मग हळद, मग कुणी सांगितले म्हणून तंबाखूची राख. गावात येणाऱ्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, मोठ्या दवाखान्यात जा असेही सांगितले. पण फवारणी तोंडावर होती आणि पाय दुखत नव्हता. सोलापूरला पोचले तो अकरावा दिवस. पायावर सूज घोट्याच्या वर, अंगात थंडी-ताप, रक्तातली साखर ४३०.

‘पाय दुखत नव्हता.’ सगळी गोम या तीन शब्दांत आहे.

साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की अंगातल्या नसा खराब होतात. ज्या नसा सर्वांत लांब त्या आधी, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. मग मोजा चढवावा तसा बधिरपणा वर वर सरकतो. कुणाला आधी मुंग्या येतात, रात्री तळवे जळतात, कापसावर चालल्यासारखे वाटते. कुणाला काहीच वाटत नाही, आणि तोच माणूस जास्त धोक्यात. बधिर पायाला घाम कमी येतो, कातडी कोरडी पडून भेगा पडतात. पंजातले बारीक स्नायू दुबळे होऊन बोटे आखडतात, चालताना भार भलत्याच जागी पडतो आणि तिथे घट्टा धरतो. घट्ट्याच्या आत जखम होते, वरून दिसत नाही. त्यातच रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील, विडी-तंबाखू असेल, तर पायाला रक्त कमी पोचते. रक्त नाही म्हणजे जखमेला खत-पाणी नाही. साखर जास्त असली की रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मंदावतात.

बधिरपणाने अवयव जातो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला कळली ती कुष्ठरोग्यांमुळे, आणि तीही आपल्याच देशात. डॉ. पॉल ब्रँड हे तमिळनाडूत १९१४ साली जन्मलेले इंग्रज सर्जन. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ते कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करीत. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात असे तेव्हा सर्रास मानत. ब्रँड यांनी दाखवून दिले, की बोटे झडत नाहीत. वेदनाच नसल्याने माणूस तापलेले भांडे उचलतो, खिळ्यावर चालत राहतो, आणि जखमांनी अवयव गमावतो. काही रुग्णांची बोटे रात्रीतून नाहीशी होत. लक्ष ठेवले तेव्हा कळले, की उंदीर कुरतडतात आणि झोपलेल्याला जाग येत नाही. पुढे ब्रँड अमेरिकेत गेले आणि हेच ज्ञान मधुमेही पायांसाठी वापरात आले. पायावरचा भार काढला तर वर्षाची जखमही भरते, हे तिथूनच पक्के झाले. कुष्ठरुग्णांना दिली जाणारी मऊ एम.सी.आर. रबराची चप्पल आज मधुमेहींनाही देतात. काही जण ‘ती महारोग्याची चप्पल’ म्हणून घालायला लाजतात. पाय गेल्यावर लाजायला तरी काय उरणार?

उंदराची गोष्ट जुनी समजू नका. धान्याच्या कणगीजवळ, जमिनीवर झोपणाऱ्या मधुमेहींना आजही उंदीर चावतात आणि सकाळी रक्त पाहून कळते. अशांनी खाटेवर झोपावे, झोपण्याआधी पाय धुऊन पुसावेत; पायाला अन्नाचा, तेलाचा वास राहू देऊ नये.

तर तात्या दवाखान्यात भरती झाले. तिथे जे घडते ते नातेवाइकांना नीट समजावून कुणी सांगत नाही, गर्दीत तेवढी सवडही नसते. त्यामुळे गैरसमज होतात, भांडणे होतात, कुणी रुग्णाला उचलून घरी घेऊन जातो. म्हणून जरा तपशिलात लिहितो.

पहिली तक्रार असते, की ‘गोळ्या बंद करून एकदम इन्सुलिन चालू केलं, आता हे कायमचं मागं लागलं.’ अंगात जंतुसंसर्ग असताना साखर चढते, आणि चढलेल्या साखरेने संसर्ग फोफावतो. हे चक्र मोडायला इन्सुलिनच लागते. शिवाय मूत्रपिंडावर ताण असताना किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी काही गोळ्या धोक्याच्या ठरतात. जखम आटोक्यात आली की पुष्कळ जण परत गोळ्यांवर येतात. काहींना इन्सुलिन चालू ठेवावे लागते, पण ते आजार जुना झाल्यामुळे, एकदा टोचले म्हणून नव्हे.

दुसरी तक्रार, ‘एवढीशी जखम होती, डॉक्टरांनी कापून केवढी मोठी केली.’ डाळिंबवाल्यांना हे मी एका वाक्यात सांगतो. फांदी वाळत चालली तर आपण ती कुठे कापतो? वाळलेल्या भागात नाही. खाली, जिवंत लाकूड लागेपर्यंत, आणि मग बोर्डो पेस्ट लावतो. मेलेले मांस तसेच ठेवून वरून कितीही मलम लावले तरी आत कूज चालूच राहते. हाडापर्यंत कूज गेली आहे का हे पाहायला एक्स-रे काढतात, पायाला रक्त पोचते का ते नाडीवर आणि डॉपलर यंत्रावर पाहतात. रक्तच पोचत नसेल तर आधी रक्तवाहिनीचा इलाज, कारण नुसते कापून जखम भरणार नाही.

तिसरी गोष्ट तक्रारीची नाही, दुर्लक्षाची. दवाखान्यात येण्याआधी घरी घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या. दुकानातून मागून आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मधुमेहीच्या मूत्रपिंडाला फार महागात पडतात. पायासाठी भरती झालेला रुग्ण मूत्रपिंडामुळे अडकून पडला, असे होते. कोणत्या गोळ्या घेतल्या ते लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावे, रिकामे पाकीट दाखवावे. काढा, भस्म घेतले असेल तर तेही.

वॉर्डात आणखी एका बाबतीत नातेवाइकाने जागे राहायचे असते. इन्सुलिन टोचले आणि जेवण लांबले, तर साखर एकदम उतरते. दरदरून घाम, थरथर, भूक, असंबद्ध बोलणे, चिडणे. ‘म्हातारं चिडलंय’ म्हणून सोडू नये, लगेच सिस्टरना बोलवावे. घरी असे झाले आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, गाडी काढावी. तसेच मधुमेहीला हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो, नुसता दम लागतो किंवा घाम सुटतो. बधिरपणा फक्त पायातच असतो असे नाही.

चढलेली साखर आणि संसर्ग यांची जोडी काय करते ते २०२१ साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने अनेकांचे डोळे, जबडे गेले. त्यातले बहुसंख्य मधुमेही होते, आणि कित्येकांना स्टिरॉइड दिलेले होते. ती बुरशी काही परदेशातून आली नव्हती. आपल्या मातीत, शेणखतात, कुजक्या पाल्यात ती कायमची आहे. साखर ताब्यात असलेल्या निरोगी माणसाला ती सहसा काही करत नाही.

तात्यांचे पुढे काय झाले? आधी अंगठा आणि शेजारचे बोट काढले. चार दिवसांनी ताप पुन्हा चढला, पू टाचेकडे सरकला होता. जीव वाचवायला गुडघ्याखालून पाय काढावा लागला. सतरा दिवसांनी घरी आले. त्या वर्षीचा बहार गेलाच, एक म्हैसही विकली. मी भेटायला गेलो तेव्हा तात्या कुबडीपेक्षा बागेतल्या ठिबकबद्दलच जास्त बोलत होते. पोराला फिल्टर धुवायचे लक्षात राहत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार.

त्याच वस्तीवरच्या एक काकू, साखर तात्यांपेक्षा जुनी, त्यांनाही उसाचा बुडखा लागला होता. पण त्यांची सून आशाताईंच्या सांगण्यावरून रोज पाय बघायची. दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला. महिनाभर ड्रेसिंग, पाय टेकायला पूर्ण बंदी, आणि आज त्या चालतात. जखम दोघांचीही सारखीच होती म्हणा ना. फरक नऊ दिवसांचा.

डॉक्टर मंडळींचे आकडेही हेच सांगतात. मधुमेहामुळे जे पाय कापावे लागतात, त्यातल्या शंभरपैकी पंच्याऐंशींच्या आसपास पायांना आधी साधी जखमच झालेली असते. म्हणजे तेवढ्या वेळा सावध व्हायची संधी मिळालेली असते. मधुमेही पायाच्या जखमांपैकी निम्म्याहून अधिक चिघळतात. आणि मोठा पाय कापलेल्यांपैकी निम्मे, कधी त्याहूनही जास्त, रुग्ण पाच वर्षांत दगावतात, असे परदेशातल्या अनेक पाहण्यांत दिसले आहे. पाय कापल्यामुळे ते मरतात असे नाही. पायाची ही अवस्था होईपर्यंत हृदय आणि मूत्रपिंडही पोखरलेले असते. शिवाय उरलेल्या पायावर सगळा भार येतो आणि तोही बधिरच असतो. जयपूर फूट बसवला तर चिखलातही चालता येते, हे खरे. पण खुंट घासला तर तेही कळत नाही, तोही रोज बघावाच लागतो.

पाय बधिर झाला का, हे घरच्या घरी पाहता येते. इंग्लंडमधल्या इप्सविच येथील डॉक्टरांनी २०११ साली मांडलेली ही अगदी सोपी रीत. माणसाला निजवून डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकाला आपल्या बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबायचे नाही, टोचायचे नाही. कळले की ‘हो’ म्हणायचे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर संवेदना कमी झाली असे धरून डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा दोरा टेकवून याचीच पक्की तपासणी करतात. खर्च नाही, यंत्र नाही, सून किंवा नातूसुद्धा करू शकतो.

बधिर पाय असणाऱ्याने शेतात अनवाणी जायचेच नाही. आपल्याकडे खरी अडचण दारे धरण्याची. रात्रपाळीची वीज असली की माणूस अंधारात, चिखलात तासन् तास उभा. चप्पल चिखलात रुतते म्हणून काढून बांधावर ठेवतो. मग बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी फाटते आणि तिथून जंतू शिरतात. गमबूट घालावेत, पण घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकावेत आणि आत हात फिरवून पाहावा. खडा असतो, खिळ्याचे टोक असते, विंचूही असतो. घरी आल्यावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात. भेगांना खोबरेल चालेल, बेचक्यात मात्र तेल नको. कुरूप ब्लेडने कापू नये, दुकानातली कुरूपाची पट्टी लावू नये. त्यातले औषध चांगली कातडीही खाते. पाय शेकायला गरम पाणी, शेकोटी, तापलेली वीट हे सगळे बंद. आंघोळीचे पाणी पायाने नाही, कोपराने पाहावे, जसे बाळाचे पाहतात. तळवा स्वतःला दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी उन्हाळ्याचे एक. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. नवी बाटली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. फोडलेली बाटली साधारण चार आठवडे गार जागी चालते. फ्रिज नसेल तर शून्य ऊर्जा शीतकक्षाचेच तत्त्व वापरा: मोठ्या पसरट मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडके, त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बाटली, वर ओले फडके. भाजीला जो गारवा मिळतो तो इन्सुलिनलाही मिळतो.

आता वारी. देहू-आळंदीहून पंढरपूर म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास, अठरा-वीस दिवसांची चाल. कित्येक वारकरी अनवाणी चालतात. श्रद्धेविषयी मी बोलणारा कोण? पण ज्या माउलीचे पाय बधिर आहेत, त्यांनी पायात मऊ चप्पल आणि सुती मोजे घालून चालावे, आणि मुक्कामाला रोज कुणाकडून तरी तळवे पाहून घ्यावेत. पालखीमार्गावर वैद्यकीय पथके असतात, फोड आला तर तिथे दाखवावा, स्वतः फोडू नये. एकादशीचा उपवासही डॉक्टरांना विचारून करावा. काहीच न खाता नेहमीची गोळी घेतली तर साखर उतरते, आणि साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली तर चढते.

आरोग्य उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, तीस वर्षांवरील माणसाची साखर आणि रक्तदाब फुकट तपासतात. पण नुसती त्या दिवसाची साखर पुरत नाही. ती एका दिवसाच्या बाजारभावासारखी. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही वेगळी तपासणी असते, ती कुठे होईल ते तिथे विचारून घ्यावे. पाय दाखवायला जाताना दोन्ही पायांतले मोजे काढून दाखवावेत, दुखरा एकच नव्हे. आणि रोजची जुनी चप्पल घालूनच जावे, नवी नको. चप्पल कुठे झिजली, कुठे खड्डा पडला ते पाहून भार कुठे पडतो हे डॉक्टरांना लगेच कळते. काटा रुतलेला असेल तर तोही बहुधा त्याच चपलेच्या तळव्यात सापडतो.